आक्का, माळावरची पट्टी आता सिमेंटची झाली

प्रिय आक्का,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. पण काल माळावरची विमानाची पट्टी सिमेंटची होताना पाहिली, आणि हे सांगायला घरात कुणी सापडेना. काही गोष्टी थोरल्या जावेलाच सांगायच्या असतात.

आठवते ना ती पट्टी? डांबर फुटलेलं, भेगांत गवत, वर शेरडं चरायची. दुपारी घर निजलं की तुम्ही मला तिथं स्कूटी शिकवायला न्यायचात. "पुढं बघ गं! चाकाकडं काय बघतीस?" पदर खोचून मागून पळायचात. मी पडले, तेव्हा आधी गाडी उचललीत आणि मग मला!

मामांना कळलं. सासऱ्यांपुढं आपल्या घरात कुणी मान वर करत नसे. ताटावर बसूनच ते म्हणाले, "बायकांनी गाड्या हाणायच्या काय आता? लोकं काय म्हंतील?"

भाकरी वाढता वाढता तुम्ही म्हणालात, "आवं मामा, लोकं काय आपलं औषध आणाय पलूसला जात्यात? ही जाईल की."

मामा ताटावरून उठले. ती भाकरी तुम्ही मला वाढलीत.

पुढं त्याच गाडीवरून मी तुम्हाला सांगलीला डायलिसिसला नेऊ लागले. त्याआधी तुमचे पाय कितीतरी दिवस सुजत होते आणि तुम्ही ते साडीखाली झाकून वावरत राहिलात. का हो? मला तरी सांगायचं! डॉक्टर म्हणाले, यायला उशीर केलात. परतताना मी रडायला लागले, तर मागून तुमचा आवाज आला, "खड्डं चुकीव आधी, बाकीचं बघू."

तुम्ही गेल्यावर फार रडायला झालंच नाही मला. पट्टीचं काम निघालं आणि तिथल्या कामगारांचे डबे पुरवायचं मी अंगावर घेतलं. सगळं डांबर उकरून काढलं, माती दाबली, आणि आता वर हातभर जाडीचं काँक्रीट.

काल डबे घेऊन निघाले, तर मामा चप्पल घालून अंगणात उभे.

"मलाबी दाव की ती पट्टी."

"गाडीवर बसावं लागंल, मामा."

"मग? बसतो की."

बसले खरे, पण सुनेच्या खांद्याला धरावं की नाही ते कळेना. शेवटी डब्यांची पिशवीच घट्ट धरून बसले!

माधवनगरचे सलीमभाई तिथं मुकादम आहेत. त्यांनी दोरीच्या अलीकडं मामांना खुर्ची दिली. शेवटचा पट्टा ओतायचा चालला होता. यंत्र मुंगीच्या पावलानं सरकत होतं. चाक घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर माणसं झाडूनं बारीक रेघा ओढत होती. शेजारचा पट्टा मात्र करवतीनं कापत होते.

"चांगलं घट्ट झालंय, मग कापताय कशाला?" मामांनी विचारलं.

"न्हाई कापलं तर मनाला यील तिथं तडकतंय, बाबा," सलीमभाई म्हणाले.

मामा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "थोरलीनं हितंच शिकिवलं न्हवं तुला?"

"व्हय."

"लय बोललो मी तिला."

ते तुम्ही ऐकायला हवं होतं, आणि त्यांनी ते वेळेत म्हणायला हवं होतं. येताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं.

आता एकच सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. भाऊजी चौकात आपल्या बायकोचा फ्लेक्स लावणार आहेत. मजकूर मला वाचायला दिला: 'शांत, सोशिक, कधीही उलट शब्द न बोललेल्या.' तुम्ही! मी पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

ती ओळ मी छापू देणार नाही, आक्का. भाऊजी विचारतील, मग काय लिहू? मी सांगेन, नाव लिहा आक्कांचं. नुसतं नाव, मोठ्या अक्षरात.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा