दोन डिस्कवरची एकच दुपार

प्रिय तेजू,

हे फोनवर बोलता येईना. दोनदा लावला, तू जेवणखाण विचारलंस आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, ते शाळेत होतं तसंच आहे.

आईची तेरवी आटोपल्यावर, पुण्याला निघण्याआधी, तू बाबांच्या हातमागाच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतलास. बाबा एकटेच राहणार, पडले-झडले तर कळावं. रेकॉर्डिंगचा डबा मी माझ्या दुकानातून आणला. त्यात दोन डिस्क. एकच चित्र एकाच वेळी दोन्हींवर उतरतं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. मोहाडीच्या विजेवर माझा विश्वास नव्हता. तरी मागच्या महिन्यात वीज अशी काही आली-गेली की डबाच बसला.

त्याच्या थोडंच आधी बाबांनी मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला होता. आपण दोघं त्या खोलीत वाढलो, तुला वेगळं काय सांगू? एकाने मागे बसून एकेक धागा द्यायचा, दुसऱ्याने समोरून तो फणीतून ओढून घ्यायचा. एकट्याचं ते काम नाही. आई-बाबांनी ते जन्मभर जोडीनं केलं. मी विचारलं, कोणाला बोलावलं होतं? बाबा अगदी सहज म्हणाले, "कोनाले बलावू? मी देऊन राहिलो होतो, तुमची माय ओढून राहिली होती." तुला हे सांगितलं तेव्हा तू रडलीस, आणि त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलंस. मीही होकार दिला. डबा दुकानात नेला तो एवढ्यासाठीच, की मदतीला कोण आलं होतं ते दिसावं. बाबांनी अडवलं नाही. "पाहून घे, मंग तेजूले सांगजो," इतकंच म्हणाले.

दोन्ही डिस्क वेगवेगळ्या लावून वाचल्या. पहिलीवर ती दुपार मिळाली. बाबा मागे बसून धागा पुढे करतात. समोरची बैठक रिकामी आहे. धागा त्यांच्या बोटांतून सुटतो, ताठ होतो आणि पुढे सरकत जातो. मी वायरिंगला शिव्या दिल्या, चहा पिऊन आलो आणि दुसरी डिस्क लावली. तीच तारीख, तीच वेळ, खिडकीतून येणारं ऊनही तेच. समोर आई बसली आहे. पदर खोचलेला, मान जरा डावीकडे, धागा ओढून घेते आहे. आणि मागे, जिथे बाबा असायला हवेत, तिथे कोणी नाही.

तू म्हणशील, जुनं काहीतरी मिसळलं असेल. मीही तेच धरून बसलो होतो. पण जुनं असणार कुठून? तो कॅमेरा आईने पाहिलाच नाही. भिंतीवर यंदाचं कॅलेंडर आहे. तेजू, मला भीती वाटली. भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ती डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि आईला पाहून बरंही वाटत होतं, हेही खरं.

आता डबा पुन्हा सुरू करायचा तर तो एकच विचारतो: कोणती डिस्क खरी मानू? जी खरी म्हणेन ती दुसरीवर उतरवली जाईल आणि दुसरीवरचं सगळं पुसलं जाईल. मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही. दोन्ही डिस्क काढून जपून ठेवल्या आहेत. रविवारी तू वरठी स्टेशनला उतरशील तेव्हा मी गाडी घेऊन येईन, चार दिवस निवांत राहा. पण परतताना सोबत न्यायला काढलेलं बाबांचं पुण्याचं तिकीट रद्द कर, हे मागण्यासाठीच हे पत्र. मागावर अजून निम्मा ताणा ओवायचा आहे. तू त्यांना नेलंस, तर आई तशीच हात पुढे करून बसून राहील आणि पलीकडून धागा येणार नाही.

तुझाच,
अनुपदादा