रिॲक्टर हायड्रोजन घेईना

१३ ऑक्टोबर
दसऱ्यानंतरची पहिली बॅच. हायड्रोजन सोडला, पण सकाळी आठचा दाब दुपारी तसाच. कॅटॅलिस्टमधल्या पॅलेडियमनं हायड्रोजन पोटात घ्यायचा, हायड्राइड व्हायचं, मग तो औषधाच्या रेणूला द्यायचा. घेतच नाही तर देणार काय. मॅनेजरनी पाच मिनिटांत निकाल लावला: ऑपरेटर रशीदनं कॅटॅलिस्टचा डबा उघडा टाकला, माल सुकून वाया गेला.

१४ ऑक्टो.
रशीद गेटबंद. कामावरून काढायची भाषा चालू. चौदा वर्षं माझ्या हाताखाली, खुलताबादहून येतो, पण पहिली पाळी कधी चुकवली नाही. गेटवर भेटला. "बाई, माल डब्यातून ओला निघाला तसाच टाकला. कसम से."
त्याच डब्यातलं चिमूटभर लॅबमध्ये लावलं. झटकन हायड्रोजन घेतला. म्हणजे डबा ठीक. कॅटॅलिस्टला मारणारं विष रिॲक्टरमध्ये गेलं. कुठून?

१५ ऑक्टो.
सापडलं. खंडेनवमीच्या पूजेत रिॲक्टरवर स्वस्तिक मीच काढते. यंदा कॅटॅलिस्ट टाकायच्या तोंडाच्या कडेलाच काढलं. शेंदूर वाळून पोपडे सुटलेत, आत पडलेत. बाजारचा शेंदूर म्हणजे शिसं. शिसं पॅलेडियमवर बसलं की हायड्रोजनला दार बंद. हे मी नव्या पोरींना शिकवते!


१६ ऑक्टो.
दोन फ्लास्क. एकात नुसतं कॅटॅलिस्ट, दुसऱ्यात खरवडलेला शेंदूरही. लॅबमधले भीमराव मागं उभे. "बाई, देवाचं हाय ते. बाटलीत घालताय व्हय?"
"देवाचं मीच नको तिथं लावलं, भीमराव. घड्याळ बघा."
पहिला फ्लास्क हायड्रोजन गटागटा प्यायला. दुसरा जरासा, मग थांबला. पुन्हा केलं. तेच.
भीमराव: "साहेबांना कशाला सांगता? रशीदचं काय, दुसरीकडं लागंल." मी रिपोर्टचा कोरा कागद पुढं ओढला. ते फ्लास्क धुवायला गेले.

१७ ऑक्टो.
रिपोर्ट दिला. कारण: शेंदूर. लावणारी: मी. खाली सही. पुढच्या वर्षी पूजा कंट्रोल पॅनेलजवळ, तोंडापासून लांब, हेही लिहिलं.
मॅनेजरनी दोनदा वाचला. "बाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. 'कारण अज्ञात' लिहू या ना."
"मग रशीदची गेटबंदी उठवता?"
"ते वेगळं."
"वेगळं नाही. वर पाठवा."
कागद ड्रॉवरमध्ये गेला. वर गेला की नाही, कळायला मार्ग नाही. दुसरी प्रत माझ्या पर्समध्ये.
रशीदला फोन केला, उद्या साडेसहाला गेटवर ये. "अडवतील, बाई." म्हटलं, दोघांना अडवू देत.