नंतर बदलायचा फोटो

धाकटे, थोरलीचा आशीर्वाद घे आणि आधी खिडकीशी जाऊन बस, कारण माझं अक्षर दिव्याखाली लागत नाही. (चौथीत शाळा सुटलेल्या बाईने लिहावं तेवढं लिहिते. ओळ वाकडी वाटली तर मान वाकडी कर.) तुझा गुडघा आणि तुझ्या मोरीचा नळ, दोघांची कुरकुर थांबली का? एकटीच्या घरात त्या नळाची टपटप ऐकत कशी बसतेस तूच जाणे. माझं विचारू नकोस. पाय सुजतात, डोळ्यांना अंधुक दिसतं, भूक मात्र जायचं नाव घेत नाही.

मला वृद्धाश्रमात टाकलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्या मामेभावाच्या सुनेने तर फोनवर रडून घेतलं. फोन मीच उचलला तरी थांबेना. म्हणाली, तिथे फोनवर बोलू देतात हे तरी बरं आहे. तर मी कुठेही गेलेले नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत माझ्या खाटेवर बसून हे लिहिते आहे. घडलं ते सगळं नातीच्या हातून.

नात सकाळी कॉलेजात जाते आणि दुपारपासून वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात उमेदवारी करते. (इंटर्नशिप म्हणतात. काम पुरं, पगाराच्या जागी चहा, तोही कागदी कपात.) कॉलेज म्हणतं, उमेदवारीचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय पास करणार नाही. तेच कॉलेज म्हणतं, वर्गात दिसली नाहीस तर परीक्षेला बसवणार नाही. मी विचारलं, ही दोन्ही सांगणारी माणसं वेगळी असतील ना? तर म्हणे एकच सर आहेत. मग पोरगी वर्गात बसून ऑफिसचं काम करते, ऑफिसात बसून वर्गाचा अभ्यास करते आणि घरी येऊन बूट काढता काढता भिंतीला टेकून झोपते. परवा एक बूट पायात ठेवूनच जेवली. सांगायला कोण आहे? आईबाप दोघेही नोकरीवर. दिवसभर घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधून मधून बोलतो.

तर ऑफिसाने तिच्याकडे एका वृद्धाश्रमाची वेबसाइट दिली. त्यांच्या खोलीच्या फोटोत एक हसरी म्हातारी बसवायची होती. आश्रमाने म्हातारी काही पाठवली नाही, आणि हिची दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. म्हणून हिने माझा फोटो कापून तिथल्या खिडकीशी बसवला, नंतर बदलायचा म्हणून. या धंद्यात तशी रीतच आहे म्हणे, खरं येईपर्यंत काहीतरी ठेवून जागा अडवायची. खाली लिहिलं, ‘इथे मला माझं घर सापडलं.’ ही गेली परीक्षेला, मागे साहेबाने न बघता बटण दाबलं, आणि मी साऱ्या जगासमोर आश्रमात दाखल झाले. (फोटो कवळी बसवून आणली त्या दिवशीचा आहे. मी हसत नाहीये, दंतवैद्याचं काम दाखवते आहे.)

आता गंमत अशी की आश्रमाच्या व्यवस्थापकाला हीच म्हातारी पसंत पडली. फोटो राहू द्या, आजींनी फोनवर हो म्हटलं की झालं, असं त्याने कळवलं. साहेब नातीला म्हणाला, आजीचा होकार आण, नाहीतर न विचारता फोटो लावलास म्हणून प्रमाणपत्र विसर. आणि माझा लेक म्हणतो, फोटो उतरला नाही तर ऑफिसात जाऊन तमाशा करीन, आईला टाकली म्हणून लोक बोलतात, मान वर करता येत नाही. (मान एरवीही फोनमध्येच खाली असते. फार फरक पडू नये.) नात मध्ये उभी. रडली नाही, तेवढं त्राणच नव्हतं. म्हणाली, "आजी, तू ठरव काय ते, मी जरा पडते." पडली ती पडलीच.

मी लेकाला एवढंच म्हटलं, "लांबचे लोक बोलतात ते तुला ऐकू येतं. मग शेजारच्या खोलीतून मी हाक मारते ते का येत नाही?"

तो उठून गॅलरीत गेला. चार कपडे वाळत होते, ते काढले. ओलेच होते.

असो. औषध वेळेवर घे, गुडघ्याला तेल लाव, मला शिव्या घालायच्या तर कागदावर घाल.

तुझी थोरली

ता. क. लेक माझं ऐकत नाही, पण मावशीचं ऐकतो, कारण मावशी लांब राहते. त्याला फोन करून सांग की फोटो तू पाहिलास आणि बहीण झकास दिसते. पोरीचं वर्ष वाया जायला नको.

ता. क. आणखी एक. व्यवस्थापकाला मी हो म्हणून मोकळी झाले आहे. लगे हात त्या खोलीचंही विचारलं. म्हातारी खोटी असली तरी खोली खरी आहे. खिडकी मोठी आणि खाटा दोन. अनोळखी बाईचं घोरणं मला सोसायचं नाही, तुझ्या घोरण्याची लहानपणापासून सवय आहे. नातीची लेखी परीक्षा होईपर्यंत हे कुणाला बोलू नकोस, उगाच तिला वाटायचं तिच्या फोटोमुळे झालं. आणि मोरीचा नळ इतक्यात दुरुस्त करून घेऊ नकोस.