मामांचं काळं नाणं

तीर्थरूप मामांना चकचक्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा काय म्हणतोय? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत आहोत, निदान हे पत्र सुरू करताना तरी. पुढच्या रविवारी तुम्ही तुमचं नाणं परत न्यायला येणार आणि संध्याकाळी नाणेवाल्यांच्या बैठकीत ते सगळ्यांपुढे ठेवणार, असं मामींकडून कळलं. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी माझ्या छंदाची प्रगती ऐका.

मी निवृत्त झालो त्या दिवशी तुम्ही आगपेटीत कापसावर ठेवून तुमच्या वडिलांचं ते चांदीचं काळं नाणं माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "महिनाभर नुसतं बघ. छंद आपोआप लागेल." लागला. (कारखान्याने दिलेलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं, हे जाता जाता.) मी भिंग आणलं, कप्प्यांची वही आणली आणि घरातली सगळी चिल्लर जेवणाच्या टेबलावर ओतून सालवार लावायला बसलो. हिने तीन दिवस ताट मांडीवर घेऊन जेवण केलं. चौथ्या दिवशी दूधवाल्याला द्यायला सुटे नव्हते, तर तिने माझ्या वहीतलं एक अख्खं साल देऊन टाकलं! मी अनवाणी जिना उतरून धावलो आणि त्याला भर रस्त्यात पिशवी उपडी करायला लावली. साल मिळालं. दूध मात्र तेव्हापासून दुसरीकडून आणावं लागतं. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा आता मला पाहिलं की गल्ला झाकतो.

मग शुक्रवारी चौकातल्या नाण्यांच्या दुकानदाराकडे गेलो. भला माणूस, पण बोलणं अगदी तोलूनमापून. म्हणाला, जुनं नाणं कडेने धरावं, कोरड्या जागी ठेवावं आणि काही झालं तरी घासू नये. वरचा काळा थर ही त्याची आयुष्याची कमाई, तो गेला की नाणं गेलं. मी सगळं वहीत नीट लिहून घेतलं.

आता आदल्या दिवसाचं, म्हणजे गुरुवारचं सांगतो. मामा, मी एकतीस वर्षं नळांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर उभा होतो. डाग असलेला एकही नळ माझ्या हातून बाहेर गेला नाही. साहेब माझ्या नळात बघून भांग पाडायचे. काळं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू? जित्याची खोड! गुरुवारी दुपारी जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून कारखान्यात गेलो. खिशात आगपेटी होती, समोर चाक फिरत होतं. म्हटलं, मामांना बैठकीत जरा मिरवता येईल. चार मिनिटं लागली. सगळा विभाग गोळा झाला, वाहवा झाली. (त्यावरच्या राजाला मुकुट होता ना? आता नाही.) घरी आल्यावर हिने ते हातात घेऊन विचारलं, "हे बटण कुठल्या कोटाचं?"

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्ही पाणी पिऊन मग पुढचं वाचा.

तुमचा भाचा,
चकचक्या

ता. क. : तो काळा थर परत यायला किती दिवस लागतात, असं दुकानदाराला विचारलं. म्हणाला, शंभर वर्षं. तेव्हा रविवारचं येणं थोडं पुढे ढकलता आलं तर बघा.

आणखी ता. क. : वर थट्टा केली खरी, पण चार दिवस घास गोड लागत नाहीये. तुमच्या वडिलांनी ते नाणं जन्मभर खिशात बाळगलं. त्यावर त्यांचा हात होता, तो मी पुसून टाकला. चुकलो, मामा. आता ते मी माझ्या खिशात ठेवतो आणि जाता-येता अंगठा फिरवतो. शंभरातली माझ्या वाट्याची वर्षं मी काढीन, पुढची नातीवर सोपवली आहेत.

शेवटचा ता. क. : पत्र पाकिटात घालताना पाहिलं, तर नातीने दात घासायची पेस्ट लावून नाणं पुन्हा लख्ख केलंय. "आजोबा, बघा, तुमच्यापेक्षा छान!" म्हणते. तेव्हा रविवारी याच. मारायचं असेल तर दोघांना एकदमच मारा.