आमच्या शेणावर फॉरेनचा डोळा

१८ नोव्हेंबर १९८३, वडनेर
आजपासून वॉच ठेवायचा. शेजारी डोमाजीच्या गोठ्यामागे डेन्मार्कचा साहेब गोबरगॅसची टाकी बांधतोय. सोबत वर्ध्याचे प्रभाकरराव, दुभाषी. म्हणे जगातलं तेल संपत चाललंय, म्हणून सगळ्या देशांनी मिळून आता हे करायचं. साहेबाने शेण हातात घेतलं, वास घेतला आणि हसला. दूध-लोण्याच्या देशातला माणूस एवढ्या लांब येऊन शेणाला हसतो? दाल में कुछ काला है.

९ जानेवारी १९८४
टाकी पेटली. डोमाजीकडे गॅसवरचा चहा. एक घोट घेतला, बाकीचा कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला. साफ शेणाचा वास! घरी येऊन बायकोला, मंदाला बजावलं, आपल्या गोठ्यातलं शेण तिकडे जाता कामा नये. ती म्हणाली, धुरानं माहे डोये चालले जी, आपणबी पाइप घेऊ. टाकीत दोन घरांपुरता गॅस होतो म्हणे, आपण फक्त शेण द्यायचं. हाच तर डाव! नाही म्हणजे नाही. ती खोकत आत गेली. बायकांना इंटरनॅशनल राजकारण कळत नाही.
उद्यापासून पहाटे उठून शेणावर पहारा.

१० जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

२२ जानेवारी
पहारा उद्यापासून नक्की.
मंदाचा खोकला थांबला. मी सांगितलेल्या अडुळशाचा गुण. अडुळसा आणायचा राहूनच गेला, पण माणसाच्या सांगण्यातही ताकद असते.

२ फेब्रुवारी
चुलीत घालायच्या पऱ्हाटीचा, कापसाच्या काड्यांचा ढीग यंदा कमीच होत नाही. मी सारखा काटकसर करा म्हणतो, त्याचं फळ.

५ फेब्रुवारी
शोध लागला! काळा पाइप. डोमाजीकडून निघतो, आमच्या मागच्या भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत येतो, तिथे जमिनीत गडप. कान लावला. आत सूं सूं. मंदाला विचारलं. म्हणाली, मले काय मालूम, साहेबाले पुसा. म्हणजे हिलाही अंधारात ठेवलंय. पाइप जमिनीखालून वर्धा स्टेशनपर्यंत असणार. पुढे रेल्वे, मुंबई, बोट. आमच्या शेणावर डेन्मार्कात पाव भाजतील.
आत जाऊन पाहणार होतो, पण स्वयंपाकघरात मी कधी जात नाही. मला धूर सोसत नाही.

१२ फेब्रुवारी
उद्या दुसऱ्या टाकीसाठी गावाची सभा. विरोध करणार. प्रूफ म्हणून दोन चहा ठेवीन, एक डोमाजीकडचा, एक माझ्या घरचा.

१३ फेब्रुवारी, दुपारी
जिंकलो! साहेबासकट सगळे म्हणाले, बबनरावांचाच चहा चांगला. मी उभा राहून सांगितलं, ही पऱ्हाटीच्या जाळाची चव आहे, फॉरेनला सात जन्मांत जमायची नाही. साहेबाने हात जोडले. अशी चूल बघायची आहे म्हणाला. सगळी सभा आमच्या घरी यायला निघाली आहे. टोपी घ्यायला मी पुढे आलो.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी
चुलीत मांजर व्यायली आहे.
बाजूला फरशीवर शेगडी, निळा जाळ, वर गंजात उकळता चहा. काळा पाइप जमिनीतून वर येऊन त्या शेगडीला. डोमाजी हसता हसता खाली बसला. मंदा पदर सावरून म्हणाली, महिना झाला जी, तुमच्यापेक्षा त्या मांजरीले लवकर समजलं. प्रभाकररावांनी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबाला पुन्हा ऐकायचं होतं, तेव्हा पुन्हा सांगितलं.
मंदाचे डोळे लाल नव्हते. लग्नापासून मला वाटायचं, हिचे डोळेच तसे आहेत. फार वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी
दुसरी टाकी मंजूर. शेणाची पाटी आजपासून माझ्याकडे, मंदाचा हुकूम. पहाटे उठलो. साहेब टाकीपाशी आधीच हजर. पाटीत वाकला, वास घेतला आणि हसला.
एवढं काय असतं त्यात, म्हणून इकडेतिकडे पाहून मीही वाकून वास घेतला.
शेणाचाच होता.