मोटरचा जोर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर

४ फेब्रुवारी
बायकोला जाड कॅनव्हासच्या पिशव्यांची ऑर्डर मिळाली. सुतारी हत्यारांच्या दुकानदाराला वीस तारखेला हव्यात. पसंत पडल्या तर कायमचं काम. ही दिवसभर गुणगुणत होती. अडचण एकच, शिलाई मशीनची मोटर जाड घडीवर अडते. नवी घेऊ म्हणाली. मी म्हणालो, घेऊ, पण मोजून. लोक मोटर रंग बघून घेतात. मी टॉर्क बघून घेणार.

५ फेब्रुवारी
टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. घरात सगळ्यांना समजावलं. सासूबाईंनी विचारलं, कान पिळतात तसा का. उदाहरण बरोबर होतं, पण बघत माझ्याकडे होत्या.

पद्धत: मोटरच्या दांड्याला लाकडी फुटपट्टी घट्ट बसवायची. पट्टीचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवायचं. मोटर फिरायला बघते, पट्टी फिरू देत नाही, काटा दाबला जातो. जितके ग्रॅम, तितका जोर. उद्या पहाटे उठून सुरुवात.

६ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
आत्ताच उठलो. अर्धवट झोपेत मोजमाप चुकतं, म्हणून मुद्दाम झोपलो. जुन्या बाजारातून तीन मोटरी आणायच्या आहेत.

संध्याकाळ
आणल्या. मोटर टेबलाला आवळायला पकड हवी होती. मशीनच्या जुन्या मोटरची काढली. त्यात तिची वायर आतून तुटली. तशीही ती जाणारच होती. हिला सांगितलं नाही. उगाच डोक्याला ताप कशाला.

८ फेब्रुवारी
पहिली मोटर, अठ्ठावीस ग्रॅम. दुसरी, अठ्ठावीस. तिसरीही अठ्ठावीस. इतकी पक्की पद्धत मोठ्या कारखान्यांतही नसेल. शिवाय आवाज नाही, तापणं नाही. हिचं म्हणणं, एकदा पट्टी काढून नुसती फिरवून बघा. मोकळी मोटर कोणीही फिरवेल. त्यात शास्त्र काय?

११ फेब्रुवारी
दुपारी वीज गेली. काटा सेलवर चालतो, म्हणून मोजणी थांबवली नाही. अठ्ठावीसच. वीज नसतानाही जोर टिकवून धरते म्हणजे कमाल आहे. तिसरी मोटर नक्की केली. रंगही छान आहे.

१३ फेब्रुवारी
सासूबाईंना पीठ मोजायला काटा हवा होता. दिला नाही. अंदाजाने केलेली बिस्किटं दाताला हार गेली नाहीत. शास्त्रासाठी घरादाराला थोडी झळ सोसावीच लागते.

१५ फेब्रुवारी, सकाळ
मोटर मशीनला बसवली. हिने पेडल दाबलं. काहीच नाही. मी म्हणालो, नवीन जागा आहे, रुळेल. हिने एक्स्टेन्शन बोर्डातला प्लग उपटून सरळ भिंतीत घातला. मोटर भुर्रकन फिरली. कॅनव्हासची घडी आली, गुरगुरली आणि थांबली. बोर्ड मेलेला निघाला. सगळी मोजणी त्याच बोर्डावर केली होती. ही शांतपणे म्हणाली, मग इतके दिवस काटा कोण दाबत होतं? मी म्हणालो, बघावं लागेल.

दुपार
बघितलं. पट्टी एका टोकाला नुसती बोटावर तोलली, दुसरं टोक काट्यावर. अठ्ठावीस.

संध्याकाळ
जुनीच मोटर परत लावा म्हणाली. वायरचं सांगावं लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती कापलेल्या कॅनव्हासवर हात फिरवत बसली. मला फार वाईट वाटलं.

१६ फेब्रुवारी
चांगली मोटर यायला आठवडा लागेल म्हणतात. हिने मशीनशेजारी स्टूल ठेवलं आणि मला म्हणाली, बसा. मशीनचं चाक हाताने फिरवायचं. मी फिरवतो, ही शिवते. मध्येच मी सांगू लागलो की चाकाचा व्यास जितका मोठा, तितका... ही म्हणाली, फिरवा.

२० फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजवा वर जात नाही.

पिशव्या गेल्या. दुकानदाराने शिवण ओढून, ताणून बघितली. पुढच्या महिन्याचीही ऑर्डर दिली. मी म्हणालो, आता मोटर लवकर आणू. ही म्हणाली, घाई काय आहे, सध्याची जाड घडीवर अडत नाही.

सासूबाई म्हणाल्या, फक्त बडबडते फार.