पाचव्या टोपलीपर्यंत

सोलगोल,
९ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस,
ओक-बुनचा प्रभूच्या नावात सलाम वि. वि.

इकडे सगळे खुशाल. ह्यांची पाठ बरी आहे, भात घरात आला, मुळे उपटून झाले. खुशाली संपली. आता खरं लिहिते, आणि हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस, ते हसतील.

काल बुधवारच्या प्रार्थनेला थोरल्या जाऊबाई माझ्या मागेच बसल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. सहा रविवार त्या उपासनेला येताहेत, पण बुधवारी कधी आल्या नव्हत्या. आठ वर्षं मागे लागले तेव्हा कुठे त्या चर्चची पायरी चढल्या, हे तुला मी काय सांगायचं! पाळकांनी सगळ्यांना एकदम, मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितलं. त्या गलक्यात कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून मीही मन मोकळं करत होते. पाळकांनी घंटी वाजवली, सगळे गप्प झाले, आणि मी एकटीच डोळे मिटून ओरडत होते की प्रभू, आमच्या जाऊबाईंना थोडी ममता दे, त्यांची मूठ सैल कर, मुळ्याचा पाला द्यायचा तरी त्यांचा जीव वरखाली होतो.

कुणीतरी खोकलं. वळून पाहिलं तर जाऊबाई आपली बसायची उशी उचलून इतर उशांच्या ओळीत नीट ठेवत होत्या. मग गेल्या.

आज त्यांच्याकडे गेले तर दार उघडलं नाही. मोठ्या दिरांनी भिंतीवरून सांगितलं की ती यापुढे चर्चला येणार नाही, आणि यंदा किमचीचं बोलावणं येणार नाही म्हणाली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दोन्ही घरांची हिवाळाभराची कोबीची किमची त्यांच्याच अंगणात होते. पण किमचीचं राहू दे. एक जीव देवाच्या दारापर्यंत आला होता आणि मी त्याला प्रार्थना करून हाकललं. काय करू ते लवकर लिही.

मुलांना मुके. माझी आठवण तुझ्या प्रार्थनेत असू दे, हळू आवाजात.

तुझी,
ओक-बुन

—

मोकपो,
१४ नोव्हेंबर

चि. सौ. ओक-बुन हिस अ. उ. आ.

पत्र पोचले. तुझ्या भाऊजींना दाखवले नाही, पण मी इतकी हसले की त्यांनी विचारलेच. मग सांगावे लागले. रागावू नकोस. हसून झाल्यावर मी बराच वेळ रडलेही.

बायबलातल्या आत्म्याच्या फळाची नावे, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, सगळी तुला घडाघडा पाठ आहेत, रविवारच्या शाळेत तुला त्यासाठी वही बक्षीस मिळाली होती. पण तुझी प्रार्थना मी पुन्हा वाचली. ममता मागितलीस ती तिच्यासाठी, उदारपणा तिच्यासाठी. तुझ्या वाट्याला काय, नुसते ओरडणे? तिच्या झाडाला काय लागले नाही याची मोजदाद तुला कुणी सांगितली होती, बाई?

तू लहानपणापासून अशीच. आई रागवायला तोंड उघडायची, त्याआधीच तुझी उत्तरे देऊन व्हायची. म्हणून मोठी बहीण या नात्याने सांगते, आता थोडे दिवस तिच्यासाठी प्रार्थना करू नकोस, ती मी करते. तू तिच्याकडे जा. माफी एकदाच माग, लांबवू नकोस. मग तिला जे बोलायचे ते बोलू दे आणि उत्तर देऊ नकोस. खरे असो वा खोटे असो. एवढे एकच फळ धर यंदा.

वाळवलेले समुद्री शेवाळ पाठवते आहे, दोन जुड्या. एक तिची. तुझ्याकडून म्हणून देऊ नकोस.

माया आहे तशी राहो.

तुझी ताई,
सुन-इम

—

सोलगोल,
२७ नोव्हेंबर

ती. ताईस, सलाम वि. वि.

शेवाळ मिळालं, दिलंही. किमची झाली. बोलावणं नव्हतंच. कोबीचा गाडा त्यांच्या घराकडे चढताना दिसला तशी मीही मागून गेले. फाटकातच माफी मागितली, तू सांगितलीस तशी, आखूड.

जाऊबाई म्हणाल्या की तू बोललीस ते खोटं नाही. मूठ माझी घट्टच आहे. पण बारा-पंधरा वर्षं माझ्या चुलीवरचं खाल्लंस, आणि हे मला सांगायच्या आधी देवाला सांगितलंस? तोंडावर बोलली असतीस तर भांडलो असतो, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. मी म्हटलं, मग आता तुम्ही माझं सांगा. त्यांनी सुरा माझ्या हातात दिला.

पहिल्या दिवशी कोबी चिरून खारवला. दुसऱ्या दिवशी पानापानांत मसाला भरायला बसलो आणि सुरू झाल्या. मी लसूण जाड ठेचते. मी पाहुण्यांसमोर नवऱ्याचं बोलणं तोडते. माझी भक्ती आवाजात आहे, हातात नाही. ताई, हे शेवटचं फार लागलं. टोपल्यांवर टोपल्या भरत होत्या, आणि मी खाली मान घालून कोबी भरत होते.

शेवटी शेवटी तर कमाल झाली. म्हणाल्या, शेजारणीची मुलगी कॉलेजात गेली तेव्हा पोटात दुखलं. म्हणाल्या, सासूबाई शेवटच्या आजारात पाणी मागत होत्या आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. अगं, सासूबाई गेल्या तेव्हा मी बाळंतपणाला तुझ्याकडे होते! जीभ नुसती वळवळत होती. पण म्हटलं, खरं असो वा खोटं असो, ताईने सांगितलंय. माझ्याच नावावर राहू दे. गिळून टाकलं.

निघताना त्यांनी एवढंच विचारलं की हे ऐकून घ्यायला तुला कुणी शिकवलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी पत्ता लिहून घेतला. भांडायला लिहिणार असतील तर तूही गप्प बस हं!

काल रविवारी आल्या नाहीत. वाट पाहणं तेवढं उरलंय.

लोभ वाढता ठेव.

तुझी,
ओक-बुन

—

सोलगोल,
२९ नोव्हेंबर

सौ. सुन-इमबाईंस,
माल-रेचा स. न. वि. वि.

आपली भेट माझ्या धाकट्या जावेच्या लग्नात एकदाच झाली. मला लिहिण्याची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्यावे. शेवाळ चांगले होते. तुमचेच असणार, आमची धाकटी इतके पातळ निवडून आणणारी नव्हे.

ओक-बुनला मी त्या दिवशी पुष्कळ बोलले. आठ वर्षांचे साठले होते. पण पाचव्या टोपलीपर्यंत तिचे सगळे दोष संपले. ती वळून एक शब्द बोलली असती तर मी थांबले असते. ती बोलेना, आणि माझे तोंड थांबेना. पुढे जे बोलले ते तिचे नव्हते, माझे होते.

सासूबाईंनी पाणी माझ्याकडे मागितले होते. मी दमले होते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेले नाही. माझ्या तोंडून ते निघाले तेव्हा मी घाबरून तिच्याकडे पाहिले. ती तेव्हा इथे नव्हतीच, हे तिला पक्के ठाऊक होते. तरी तिने मान खाली घालून तेही आपल्या अंगावर घेतले, आणि पुढचे पान उचलले.

तुमच्याकडे हे कसे पिकवतात ते मला कळत नाही. पण खोटे असते तर इतका वेळ टिकले नसते.

रविवारी मी जाणार आहे. प्रार्थना मला अजून येत नाही. तिच्या शेजारी बसेन आणि उपासना सुरू व्हायच्या आधी तिला सांगेन की ते पाणी माझ्याकडे मागितले होते. तोवर तुम्ही तिला काही कळवू नये.

ओळख थोडी आहे, ती वाढावी ही विनंती.

आपली,
माल-रे